बाबांची सम

९ मार्च २०२५, रविवार

बाबा दिवाळीत गेले, त्यानंतरचा त्यांचा पहिला वाढदिवस. उर्मिलाताईने सकाळीच घरच्या ग्रुपवर एक ऑडिओ फाइल टाकली. सोबत एक शब्द नाही, फूल नाही, हात जोडलेले नाहीत. ताईचं सगळं असंच. मी इथे सिंगापुरात, चोआ चू कांगच्या मार्केटमध्ये कोथिंबीर निवडत होतो. फाइल उघडली आणि कानात बाबा गायला लागले.

'खांबावरचा माणूस.' हे गाणं शेवटचं कधी ऐकलं होतं, आठवत नाही.

पुण्यात टेलिफोन खात्यात लाइनमन असलेला माझा बाप जमैकाचं रेगे गायचा, हे इथे कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, खरंच? खरंच. आमच्या वरच्या खोलीत एक केनियाचा विद्यार्थी भाड्याने राहायचा. तो परत गेला तेव्हा रेगेच्या कॅसेटी मागे ठेवून गेला. बाबांनी त्या झिजेपर्यंत ऐकल्या. मग गणेश मंडळातला ढोलकीवाला धरला, शेजारचा गिटारवाला धरला, स्वतः एक जुनं बेस गिटार मिळवलं आणि 'दिलीप आणि मंडळी' नावाचा बँड काढला. मराठी रेगे, पुण्यात, ऐंशीच्या दशकात. लोक काय म्हणाले असतील ते लिहायची गरज नाही.

खांबावर मी, खाली माझं गाव
कोण कुणाशी बोलतंय, मला नाही ठाव

घरी आलो तर माझी बायको राधिका म्हणाली, 'कोथिंबीर?' कोथिंबीर तिथेच राहिली होती.

कपाटावरून बाबांचं बेस खाली काढलं. ते आईने मला दिवस झाल्यावर दिलं होतं, 'इथे धूळ खात पडेल, तू घेऊन जा.' साहजिक आहे, मुलाकडेच येणार. ताईला कुणी विचारलं होतं की नाही, लक्षात नाही. ती बुओना व्हिस्टाला प्रयोगशाळेत दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते, ती बेस घेऊन काय करणार?

तारा गंजल्या आहेत. नव्या मागवल्या. दिवसभर एका जागी बसवलं नाही.

११ मार्च, मंगळवार

आज हफीझला गाणं ऐकवलं. तुआसच्या आमच्या कंपनीत तो डिझाइनला आहे आणि मी क्वालिटीला, म्हणजे तो आराखडे काढतो आणि मी चुका काढतो. तरी दोस्ती टिकली आहे. शनिवार-रविवार तो एका रेगे बँडमध्ये ड्रम्स वाजवतो, बरीच वर्षं. त्याचे रोजे चालू आहेत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तो रिकामाच होता.

त्याने हेडफोन लावले, डोळे मिटले, पाय हलवायला लागला. संपल्यावर परत लावलं. मग आणखी एकदा.

'ब्रो, हू इज धिस?'

'माय फादर.'

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग इथल्या सवयीचं 'लाह' जोडून म्हणाला, 'नाइस, लाह. द वन इज राँग, बट व्हेरी नाइस.'

म्हणजे काय, ते त्याने टेबलावर बोटांनी दाखवलं. चार मोजायचे. रेगेत पहिला ठोका रिकामा सोडायचा. सगळा जोर तिसऱ्यावर. पहिल्याला सगळे श्वास घेतात. आणि बाबांच्या गाण्यात बरोबर त्या पहिल्यावर ढोलकीवाला 'धा' म्हणून बसतो, आणि बाबांचं बेसही तिथेच बसतं.

वर हफीझ म्हणाला, त्याच्या बँडची २६ एप्रिलला संध्याकाळी ईस्ट कोस्टला एका कॅफेच्या मागच्या अंगणात मैफल आहे. 'यू कम. प्ले युअर फादर्स साँग. वन साँग.'

मी लगेच हो म्हणालो. मला विचार करायची सवय नाही असं राधिका म्हणते ते खरं असावं.

पण घरी येताना पूर्णवेळ डोक्यात एकच: द वन इज राँग. माझा बाप आयुष्यभर चुकीचं रेगे वाजवत होता. पुण्यात लोक त्याच्या केसांना हसले, शर्टाला हसले, आणि गाण्याला हसायचं राहिलं ते केवळ कुणाला कळत नव्हतं म्हणून. इथे कळणारे आहेत. इथे मी त्यांना हसू देणार नाही.

१५ मार्च, शनिवार

पहिली तालीम. हफीझने रोजा सोडला, नमाज झाला, आणि मग आम्ही एक जॅमिंग स्टुडिओ तासावर घेतला. गिटारला रुचिर, ताईच्या प्रयोगशाळेतला पोस्टडॉक. पुण्याचाच आहे, बोलतो कमी, वाजवतो चांगलं.

घोडं पहिल्याच मिनिटाला अडलं, आणि घोडा मीच. पहिल्या ठोक्यावर हात पडतोच. हफीझ ओरडतो, 'डोन्ट टच द वन!' आणि मी टच करतो. मी लहानपणी तबला शिकलो आहे, मध्यमा पूर्णपर्यंत. आमच्या गुरुजींनी एकच गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती: कुठेही भटक, काहीही कर, समेला घरी ये. ये म्हणजे येच. आणि हा मलाय माणूस मला सांगतो की समेच्या वेळी घरी कुणी असायचंच नाही.

रुचिर हसत म्हणाला, 'आपल्या सगळ्यांचं असंच होतं. आरतीला टाळ्या वाजवून वाजवून हात तसेच झालेत.'

म्हणजे बाबांचंही हेच झालं होतं. रेगेच्या कॅसेटी ऐकल्या, पण हात भजनाचे. मला वाईट वाटलं आणि जरा रागही आला. कुणी सांगितलं कसं नाही त्यांना?

ठरवलं. हे गाणं मी त्यांच्यासाठी बरोबर करून वाजवणार.

१६ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. कॉलेजात असताना ती 'दिलीप आणि मंडळी'मध्ये मागे गायची. माझा त्या काळात बँडशी संबंध नव्हता. मला अभ्यासाला बसवायचे. पोरगा इंजिनीअर व्हायला हवा होता, पोरगी गायली तर चालण्यासारखं होतं.

'तू गा,' मी म्हणालो. 'मी बेस वाजवतो. भावाबहिणीने बाबांचं नाव काढायचं.'

ती टेबल पुसायला लागली. मी तेवढ्यात तिच्या स्वयंपाकघरातला गळका नळ घट्ट केला, पंख्याचा आवाज कुठून येतो ते पाहिलं, आणि कॅफेबद्दल सगळं सांगून टाकलं.

'बस की जरा,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'गाईन.'

तिने चहा केला. बाबांसारखाच, आलं जास्त. 'शेवटी शेवटी ते हेच गाणं म्हणायचे,' ती म्हणाली. 'आवाज नव्हता. नुसते ओठ हलायचे, आणि हात.'

मी म्हटलं, 'हो, मी होतो की तेव्हा.' ताईने कपात आणखी चहा ओतला. मी आठवडाभर होतो. ती चार महिने बिनपगारी रजा घेऊन होती, पण तिला पोरंबाळं नाहीत, तिला जमतं.

२२ मार्च, शनिवार

आज सगळं फिसकटलं.

ताई आली, हफीझ आणि रुचिरशी छान बोलली. सुरुवात केली. हफीझने पहिला ठोका मोकळा ठेवला, मीही कसाबसा ठेवला (तीन वेळा ओठ चावला). आणि ताई गायला लागली ती नेमकी पहिल्या ठोक्यावर पाय आपटत. 'खांबा'वर धप्प. 'खाली'वर धप्प.

मी थांबवलं. समजावलं. परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा मी म्हणालो, 'ताई, रेगेत तिथे काही नसतं.'

'या गाण्यात असतं,' ती म्हणाली.

हफीझ मध्ये पडला. 'कॅन, कॅन. वी फॉलो हर, ऑल्सो कॅन. मे बी मोअर शिओक.' शिओक म्हणजे मजेदार.

तो बिचारा वयाने मोठ्या बाईचा मान राखत होता. इथल्या लोकांत ते फार. मी म्हटलं नाही, जे बरोबर आहे तेच करायचं.

ताईने पाण्याची बाटली पिशवीत टाकली. 'अवधूत, तू गाणं दुरुस्त करतोयस.'

'मग? चूक असेल तर दुरुस्त नको करायला?'

'तुमच्या तुआसला कर,' ती म्हणाली आणि निघून गेली.

नाचता येईना, अंगण वाकडं. तिला पहिला ठोका सोडता येत नाही हे कबूल करायला काय जातं? मला तरी कुठे येतो अजून. पण मी प्रयत्न करतो आहे.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी बाल्कनीत उभी केली. समोरच्या ब्लॉकमधल्या चिनी आजी दरवर्षीप्रमाणे हात हलवून गेल्या. श्रीखंड झालं. ताई आली नाही. दुपारी मेसेज: 'मी गाणार नाही. तुम्ही करा. शुभेच्छा.'

फोन लावला. करायला नको होता. सणासुदीला भांडू नये असं आई म्हणते.

मी म्हणालो, बाबांसाठी एवढं एक करता येत नाही? ती म्हणाली, बाबांसाठीच करत नाहीये. मी म्हणालो, तुला मी पुढे झालेलं बघवत नाही. हे बोलायला नको होतं, पण बोलून गेलो. 

मग ती म्हणाली, 'तुला ते गाणं कसं आहे ते माहीतच नाही, अवधूत. तू ते ऐकलंच नाहीस. तू फक्त तपासलंस.'

आपण मोठ्या, आपण शिकलेल्या, आपणच बापाजवळ होतो. सगळं खरं. म्हणून गाणं काय हिच्या एकटीच्या मालकीचं?

संध्याकाळी व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, फेऱ्या मारल्या. कस्तुरी सायकल चालवत होती. 'पापा, व्हाय यू वॉक लाइक दॅट, लाह?' अकरा वर्षांच्या पोरीलाही दिसतं. कसं चालतो मी?

१ एप्रिल, मंगळवार

काल हरी राया, म्हणजे इथली ईद, होती. आज हफीझने घरी बोलावलं. राधिका, कस्तुरी आणि मी श्रीखंडाचा डबा घेऊन गेलो. त्याच्या आईने मांसाचं रेंडांग वाढलं, आमच्यासाठी वेगळी भाजी केली होती. श्रीखंड सगळ्यांना आवडलं.

हफीझने जुनी गाणी लावली, त्याच्या वडिलांच्या तरुणपणाची. मलायमधून केलेला रॉक. 'ऑल राँग,' तो हसत म्हणाला. 'माय फादर्स टाइम, एव्हरीबडी प्ले राँग. हाफ द फन.' मग विचारलं, 'युअर सिस्टर कमिंग बॅक ऑर नॉट?'

मी म्हटलं, नॉट. तो हळहळला. मला त्याचं हळहळणं आवडलं नाही.

५ एप्रिल

गाणार कोण, हा प्रश्न सुटला. मीच. आवाज बाबांचा नाही, पण सुरात आहे.

१२ एप्रिल, शनिवार

जमलं!

आज तालमीत पूर्ण गाण्यात एकदाही पहिल्या ठोक्याला हात लावला नाही. रोज हेडफोन लावून तासन्‌तास तेच करत होतो, जेवताना मांडीवर, बसमध्ये दांडीवर, मीटिंगमध्ये टेबलाखाली. मॅनेजरने विचारलंसुद्धा, काही त्रास होतोय का. आता पहिला ठोका आला की हात आपोआप वर राहतो. रुचिर म्हणाला, 'सॉलिड.' हफीझने अंगठा दाखवला.

घरी येऊन राधिका आणि कस्तुरीला ऐकवलं. राधिका म्हणाली, 'स्वच्छ झालंय.' चांगलं म्हणाली ना?

कस्तुरी म्हणाली, 'आजोबाज वन मेक मी वॉन्ट टू जम्प. धिस वन मेक मी वॉन्ट टू नॉड.'

पोरांना काय कळतं. रेगेला मान हलवणंच बरोबर आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार. सुट्टी

विचित्र गोष्ट. आज बाबांचं मूळ रेकॉर्डिंग लावलं, शब्दांची एक शंका होती म्हणून. दोन ओळींच्या पुढे ऐकवेना. पहिल्या ठोक्याला ढोलकी पडली की भात खाताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. बंद केलं.

म्हणजे माझा कान तयार झाला. आनंद व्हायला हवा. होतो आहे. फक्त बाबांचा आवाज ऐकवत नाही हे काही बरं लक्षण नव्हे.

एक आठवडा राहिला. घरातली सगळी दारं तेल घालून गप्प केली. राधिका म्हणते, आता मलाही थोडं घाल.

२६ एप्रिल, शनिवार

झालं. चांगलं झालं. लिहितो, नाहीतर उद्या विसरेन.

अंगण भरलेलं होतं. हफीझच्या बँडचे लोक, त्यांचे मित्र, काही म्हातारे मलाय काका झकास टोप्या घालून, आणि पुढच्या दोन टेबलांवर आमची मराठी मंडळी. राधिकाने सगळ्यांना गोळा केलं होतं. दिवाळी पहाटेला येतात तसे नटून आले होते. ताई नव्हती. दाराकडे मी पाहिलं नाही. दोनदा पाहिलं.

हफीझने माझी ओळख करून दिली, 'हिज फादर, रेगे पायोनियर ऑफ पुना, इंडिया.' टाळ्या पडल्या. छाती भरून आली. बाबा, ऐका.

सुरू केलं. पहिलं कडवं बरोबर गेलं. दुसऱ्यापासून पुढच्या टेबलांवरच्या आपल्या लोकांना उत्साह आला आणि त्यांनी टाळ्या धरल्या. अर्थात पहिल्या ठोक्यावर. सगळे एकदम, दणदणीत, जशा 'सुखकर्ता'ला पडतात. मला घाम फुटला. हफीझ तर हसत होता, त्याचे ड्रम्सही त्यांच्या टाळ्यांकडे झुकायला लागले होते. मी गाता गाता मान हलवली, नको नको. त्यांना वाटलं जोरात हवंय. मग एका हाताने खूण केली. राधिकाला कळलं. तिने सगळ्यांना थांबवलं. त्यानंतर सगळे मांडीवर हात ठेवून शांत बसून ऐकत होते आणि गाणं शेवटपर्यंत अगदी बिनचूक गेलं.

नंतर एका टोपीवाल्या काकांनी हात मिळवला, 'व्हेरी टाइट, व्हेरी प्रॉपर.' जूनमध्ये परत बोलावलं आहे. राधिकाच्या मैत्रिणीने व्हिडिओ काढला.

खाली उतरल्यावर काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. पाकीट चाचपलं. किल्ल्या चाचपल्या. सगळं होतं. घरी जाताना एमआरटीत, मेट्रोत, बसल्यावर परत चाचपलं.

२७ एप्रिल, रविवार

आईला सकाळी व्हिडिओ पाठवला आणि फोन केला. ती फोन कानाला चिकटवून ऐकते, चित्र बघत नाही. पूर्ण ऐकलं. मी इकडे उभाच होतो.

'छान झालंय रे,' ती म्हणाली. 'तुझा आवाज चांगला लागलाय. कुणाचं गाणं हे?'

मी म्हटलं, 'म्हणजे?'

'म्हणजे कुणाचं? तिकडच्या कुणाचं मराठीत केलंय का?'

'अगं आई. बाबांचं. खांबावरचा माणूस.'

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, ती गेली, गॅस बंद करून आली.

'हो का?' ती म्हणाली. 'शब्द ओळखीचे वाटले खरे.' आणि मग घाईघाईने, मला वाईट वाटू नये म्हणून घाईघाईने, 'छान आहे, छान आहे. कस्तुरीची परीक्षा कधी?'

चाळीस वर्षं हिने हे गाणं स्वयंपाकघरातून ऐकलं आहे. बँडच्या पोरांना पोहे करून घातले आहेत.

आईचे कान तपासायला हवेत. या वयात होतं. राधिकाला तसं म्हटलं. राधिका भाजी चिरत होती. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि परत चिरायला लागली. 

२९ एप्रिल, मंगळवार

आईला परत फोन केला, कानांच्या डॉक्टरचं विचारायला. ती म्हणाली, 'काही नको. आत्ता बोलता बोलता खाली फाटकाची कडी वाजली, वाजली ना? बघ, भाजीवाला आलाय.' मला अर्थातच ऐकू आली नाही. तिला तिसऱ्या मजल्यावरून आली.

तर तिचे कान शाबूत आहेत.

कामावर एका पंपाचे तीन सुटे भाग नापास केले. परत तपासले तेव्हा तिन्ही पास होते. असं माझ्याकडून कधी होत नाही.

संध्याकाळी दार लावून बसलो. बाबांचं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांच्याबरोबर वाजवायला गेलो. समेवर. मध्यमा पूर्ण आहे माझं, समेवर यायला मला कुणी शिकवायला नको.

आलोच नाही. पहिला ठोका येतो आणि हात वर राहतो. मुद्दाम पाडला तर पडतो, पण शिक्का मारल्यासारखा, आणि बाबा तोवर पुढे गेलेले असतात. कितीतरी वेळा केलं. जे मला आयुष्यभर आपोआप येत होतं, ज्याच्यासाठी हफीझ ओरडायचा, ते मी घासून घासून काढून टाकलं आहे. अगदी चोख काढलं आहे. मी कामाला चोखच आहे.

मला फार भीती वाटली. नुसतं वाईट नाही, भीती. बाबांचं गाणं मी जगासमोर आणलं आणि ते घरच्यांनी ओळखलं नाही, आणि आता ते मलाही येत नाही.

१ मे, गुरुवार. सुट्टी

न कळवता ताईकडे गेलो. बेल वाजवली आणि वाटलं परत जावं. तिने दार उघडलं, हाताला हळद, आत कैरीचं लोणचं चाललं होतं. बाजूला झाली.

खुर्चीवर बसलो. नळ पाहिला नाही, पंखा पाहिला नाही. येताना बसमध्ये बरंच काही पाठ केलं होतं, पाडव्याचं, पुढे होण्याचं. त्यातलं एकही आलं नाही.

'ताई, मला ते येत नाहीये,' मी म्हणालो. 'बाबांसारखं. हातच पडत नाही.'

ती हसेल अशी तयारी ठेवली होती. हसली नाही. हात धुऊन आली आणि समोर बसली.

'आईचा फोन आला होता,' ती म्हणाली. 'रडत होती. आपल्याला कसं कळलं नाही म्हणून. पोराला काय वाटलं असेल म्हणून.'

मी मान खाली घातली.

मग तिने सांगितलं. बाबांना ठाऊक होतं. पहिल्यापासून. त्या केनियाच्या मुलाने जाण्याआधी त्यांना बसवून दाखवलं होतं, पहिला सोडायचा, तिसऱ्यावर यायचं. बाबांना येतही होतं. बाकीची गाणी ते तशीच वाजवायचे. 'तुला बाकीची आठवतच नसतील. फक्त हे एक तसं नाही. एकदा तालमीत गिटारवाल्याने विचारलं, इथे का नाही सोडत? तर म्हणाले, बाबा रे, मी दिवसभर खांबावर लटकलेला असतो. खाली काही नसतं. या गाण्यात तरी मला जमिनीवर पाय टेकवू दे.'

मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मी दुसऱ्या खोलीत गणितं सोडवत होतो.

'दवाखान्यात हात हलायचा म्हटलं ना,' ताई म्हणाली, 'तो गादीवर तेवढाच टेकवायचे. पहिला.'

आणि मी रडलो. दिवाळीत रडलो नव्हतो. तेव्हा दाखले होते, तिकिटं होती, माणसांना चहा द्यायचा होता, माझे हात सतत कशात तरी होते. आज टेबलावर नुसते ठेवलेले होते. मला बाबा हवे होते. गाणंबिणं काही नाही, बाबा.

ताईने पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. तिचीही नाकाची शेंडी लाल झाली होती. थोड्या वेळाने म्हणाली, 'झालं? हात इथे ठेव.'

टेबलावर ठेवला. ती हळू आवाजात गायला लागली, खांबावर मी. मी पाडला.

'लवकर. तू पकडायला धावतोस. त्यांचा आधी पाय टेकायचा, वजन यायचं, आणि मग हात. वाट बघ.'

परत गायली. मी वाट पाहिली, आणि पाहतच राहिलो. ठोका निघून गेला.

'परत,' ताई म्हणाली.

परत चुकलो.

'परत.'